एकसष्टावा दिवस

१४ मार्च २०१७

दिवाणी प्रक्रिया संहिता. एकच पान तीनदा वाचलं — डोक्यात काही शिरत नाही. मे महिन्यात एलएलबीची शेवटची परीक्षा, आणि सरांच्या ऑफिसात मी अजून झेरॉक्सच काढते! तीन वर्षं झाली. डहाणू रोडला एवढे वकील, पण आमच्या पाड्यांवरचे लोक सरांकडेच येतात. का? तर मी आहे म्हणून. सर ओळख करून देतात — "ही सरिता, आमची दुभाषी." गावाकडचं माणूस बोलायला लागलं की मला हाक. एरवी नाही.

आज सोमी परत आली. उधव्याची, आमच्या शेजारच्या पाड्यावरची. तिचा नवरा काकड्या जानेवारीपासून तुरुंगात. मोबाईल टॉवरची केबल चोरली म्हणे. तिथे चर खणायला रोजावर होता, एवढाच पुरावा! जामीन एकदा फेटाळला गेला. तरी भावाचा सातबारा पदरात बांधून आणला होता तिने — जामीनदार तयार आहे हे दाखवायला.

सर मान वर न करता म्हणाले, "तिला सांग, कोर्ट काय ते ठरवेल."

सांगितलं.

३० मार्च

फौजदारी वाचत होते. कलम १६७. अशा गुन्ह्यात साठ दिवसांत पोलिसांनी आरोपपत्र दिलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क. फक्त अर्ज आरोपपत्र येण्याआधी करायचा. नंतर केला तर उपयोग नाही.

उठून काकड्याची फाइल काढली. पहिला रिमांड २७ जानेवारी. बोटांवर मोजलं. परत मोजलं. साठ दिवस सोमवारीच भरले! परवा एकसष्टावा झाला, आणि आरोपपत्राचा पत्ता नाही!

सरांकडे गेले. चहा चालला होता. "सर, आज अर्ज टाकला तर —"

"सोमवारी तारीख आहे त्याची. तेव्हा बघू."

"पण सर, तोवर पोलिसांनी —"

"तू आधी पास हो. मग मला शिकव."

बाकीचे हसले.

३१ मार्च

कोर्ट चालू होतं. अर्ज एका पानाचा. सोमीला फोनवर एवढंच सांगायचं होतं — दुसरा वकील धर, आजच्या आज.

पण माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीवर सरांची सही राहिली होती. वही कॉलेजात द्यायचा आज शेवटचा दिवस. सही नाही तर परीक्षा नाही.

सही मिळाली. वही दिली. सोमीला फोन केला नाही.

३ एप्रिल

पोलिसांनी सकाळी अकराला आरोपपत्र दिलं. सर साडेअकराला आले.

१९ मे

फौजदारीचा पेपर. आलंच — कलम १६७, उदाहरणासह स्पष्ट करा! चार पानं लिहिली. उदाहरणातल्या आरोपीला मी जामीन मिळवून दिला.

१२ जून

काकड्याला कोर्टात आणलं. केवढा वाळलाय! सरांनी मला बाजूला घेतलं. "केस दोन वर्षं रेंगाळेल. गुन्हा कबूल केला तर भोगली तेवढीच शिक्षा होईल, आज-उद्यात घरी. समजाव त्याला."

समजावलं. आमच्या बोलीत.

"मी नाय चोरली," काकड्या म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मग?"

त्याने दाराशी उभ्या सोमीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे वकील सांगतो, का तू सांगतेस?"

सर घड्याळ बघत होते.

"मी सांगते," मी म्हणाले.

न्यायाधीशांनी विचारलं. काकड्या हो म्हणाला.

२ जुलै

उधव्याला गेले होते. लावणीचे दिवस, माणसं कमी पडतायत — तरी काकड्याला कोणी रोजावर बोलवत नाही. आई म्हणाली, "चोर आहे ना तो. कोर्टानेच सांगितलं."



४ सप्टेंबर

निकाल. पास! फौजदारीत एकाहत्तर. सरांनी पेढे मागवले, खांद्यावर थोपटलं — "आता तू आमची ज्युनिअर."

आनंद झाला. खोटं कशाला लिहू.

१८ सप्टेंबर

केबल सापडली. गुजरातच्या हद्दीत, टॉवरच्याच ठेकेदाराच्या गोदामात. सोमी धावत ऑफिसात आली. सरांकडे बघितलंसुद्धा नाही, थेट माझ्यासमोर बसली. किती दिवसांनी हसताना पाहिलं तिला! "आता त्याचं नाव पुसता येईल ना गं?"

स्वतः गुन्हा कबूल केला की दोषी ठरल्याविरुद्ध अपील नाही. वरच्या कोर्टात अर्ज करता येतो — वर्षं जातील, आणि तरी खात्री नाही. हे तिला सांगायचं होतं.

आमच्या बोलीत तोंड उघडेना. मराठीत सांगितलं.