मंगळवारची फेरी

प्रिय शेपूट,

तुझं खरं नाव मला माहीत आहे, पण आमच्या घरात तू शेपूटच. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तुझा उस्ताद, संगणकावरच्या खेळात पुढे ट्रक हाकणार आणि तू कायम त्याच्या मागे, म्हणून त्याने तुझं हे बारसं केलं. मी त्याची ताई. दोन वर्षांपूर्वी तू त्याला स्टिअरिंगचं चाक पाठवलं होतंस, त्या खोक्यावरचा पत्ता कापून ठेवला होता. स्क्रीनवर लिहायचं टाळलं, कारण तिथे मी सवयीने त्याच्यासारखंच लिहून जाते.

त्याने तुला सांगितलं होतं की नाही कोण जाणे. त्याचे स्नायू लहानपणापासून झिजत गेले. शेवटी डाव्या हाताची दोन बोटं आणि उजवा पाय एवढेच त्याचं ऐकायचे. बोलणं पुटपुटल्यासारखं, म्हणून तुमच्या गप्पा सगळ्या टाइप करून. मी एकदा हौसेने टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा आणला होता. तो दोन्ही हातांनीच खेळावा लागायचा. "ताई, हा धडधाकट लोकांचा डबा आहे, परत कर," म्हणाला. मग त्याने संगणकाचा एकेक भाग मागवला. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून घरी आले, की हा खुर्चीतून हुकूम सोडणार आणि मी स्क्रू पिळणार. "एवढ्या बारीक कामाची बाई तू, आणि स्क्रू तिरका?" आईच्या शिलाई मशीनचं पेडल त्याने ब्रेक म्हणून जोडून घेतलं. कळफलकावरची बटणं आपल्या दोन बोटांना पुरतील अशी वाटून टाकली. ज्या यंत्रावर मी अर्ज टाइप करायचे, त्यावरच तो सकाळी विमान उतरवायचा, दुपारी शाळेतल्या दिवसांचा एखादा जुनापुराणा खेळ उकरून चालू करायचा आणि सहाच्या ठोक्याला तुझ्याबरोबर निघायचा. रस्ता पसंत पडला नाही तर खेळच उघडून बदलायचा. घाटाखालचा पेट्रोल पंप त्याने बनवलेला आहे. तिथे चष्मा लावून उभी असलेली बाई म्हणजे मी. "तेवढीच तुझी हवापालट," म्हणायचा.

तो गेला, शेपूट. सात महिने झाले. रविवारी दुपारी त्याला धाप लागली, मी रुग्णवाहिका बोलावली. तो म्हणाला, "शेपटाला एक ओळ लिहू दे." मी ओरडले, "आधी जीव सांभाळ, शेपूट कुठे पळून जात नाही," आणि बटण दाबून संगणक बंद केला. रुग्णालयात त्याच्या तोंडावर मुखवटा होता. ती ओळ कुठली, ते मला विचारताही आलं नाही.

दोन आठवड्यांनी मी संगणक लावला तो तुला कळवायलाच. सहा वाजले होते. तुझा निरोप आला, "आहेस कुठे लेका? निघायचं ना?" मी खरं लिहायला बोटं टेकवली आणि लिहिलं, "हो." एवढंच. तेव्हापासून तुझ्यापुढे जो ट्रक आहे तो मी चालवते. पहिल्या वळणाला मी कठड्यावर आदळले तेव्हा तू विचारलंस, "आज चढली का रे?" मी इतक्या दिवसांनी हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. मग रोजच.

बटणं मी त्याने लावली तशीच ठेवली. त्यामुळे दोनच बोटं चालतात आणि उजवा हात मांडीवर पडून राहतो. आताशा दुकानातही तो पडून राहतो. परवा मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, तो हात काय भाड्याने दिलायस?" खाली पाहिलं तर काच मी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरली होती. पंपावरची ती बाई रोज थोडी थोडी रस्त्याकडे मान वळवते आहे, असंही मला वाटायला लागलं. एका रविवारी मी त्याने बनवलेला खेळाचा तो भाग उघडून बघितला. तिला मान वळवायची सोयच त्याने ठेवलेली नाही.

तुला वाटेल, ही माफी मागायला लिहिते आहे. माफी तर मागतेच. तुला फसवलं, आणि तुझं दुःखही तुझ्यापासून सात महिने लपवून ठेवलं. पण खरं सांगायचं तर अजूनही मी गप्पच बसले असते. गेल्या सोमवारी संगणक सुरूच होईना, म्हणून दुरुस्तीवाल्याकडे टाकला. आत वीज पुरवणारा भाग जळला होता. बुधवारी दुपारी नवीन भाग बसेपर्यंत तो त्याच्या टेबलावर उघडा पडून होता. "ताई, याचा पंखासुद्धा फिरत नव्हता," दुरुस्तीवाला म्हणाला. खेळाचा पासवर्ड मी तो गेल्यावर, मार्चमध्ये बदलला आहे आणि कुठेही लिहून ठेवलेला नाही. बुधवारी संध्याकाळी मी खेळ लावला, तर तुझा निरोप होता: "काल किती महिन्यांनी खरा उस्ताद भेटला! आणि निघताना जे लिहिलंस ना, ते माझ्यापाशीच राहील." मी ते दहादा वाचलं. तुला विचारू कशी? तुझ्या लेखी ते मीच लिहिलं होतं. म्हणून आज सगळं खरं सांगून टाकलं. तू रागाव, पुन्हा माझ्याशी बोलू नकोस, माझी तक्रार नाही. फक्त मंगळवारी तो निघताना काय म्हणाला, ते मला कळव.

तुझीच,
उस्तादची ताई