तळ्यातल्या लाल चतुरांची पिल्लं

माय, आज तळ्यावर गेले होते. सांडव्याजवळच्या गवतावर लाल चतुर आलेत. काही जोडीनं उडतायत; नरानं शेपटीच्या टोकानं मादीची मान धरलेली आणि ती पाण्याला टेकून टेकून अंडी सोडतेय. तुला दाखवावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

त्या दुष्काळात निम्मं गाव ऊसतोडीला लवकर निघून गेलं होतं. आपल्या दोन म्हशी होत्या, दूध सोसायटी चालू होती, म्हणून आपण राहिलो. याच पाझर तलावात उरलेलं डबकं, तेवढंच जनावरांचं पाणी. त्यात घरोघरी हिवताप आला. डबक्यात डासांच्या अळ्या वळवळताना सगळ्यांनी बघितल्या आणि सोसायटीत बोलणं सुरू झालं, पाण्यावर जळकं ऑइल ओतायचं. म्हणजे मग पाणी पिण्याजोगं राहणार नाही आणि जनावरं विकायला बाजारात.

मी तेव्हा सातवीत. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं आणि अळ्या खातं, असं सरांनी शिकवलं होतं. तुझा विश्वास बसेना. एवढं देखणं पाखरू चिखलातल्या किड्यातून निघतंय व्हय, म्हणालीस. म्हणून मी एक मातकट पिल्लू लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून आणलं. तू भाकरी थापतेयस, बरणी खिडकीत. पिल्लू काडीला चिकटून ढिम्म बसलंय. एक अळी जवळून जाते, पिल्लाचा खालचा ओठ हातासारखा पुढं झेपावतो आणि अळी गायब. तुझी भाकरी तव्यावर करपली. मला आणखी अळ्या आणायला पिटाळलंस.

सभेला तू बरणी पदराखाली घेऊन निघालीस. तोवर तू सोसायटीत दूध घालायचीस आणि खाली मान घालून परत यायचीस. चारचौघांत तुझा आवाज कुणी ऐकला नव्हता. चेअरमन आबांसमोर बरणी ठेवलीस तेव्हा मागं कुणीतरी हसलं.

“आबा, तेलानं अळ्या मरतील, पर हेबी मरंल आन् पाणीबी जाईल,” तू म्हणालीस. “मंग जनावरं कुठं पाजायची? येवडा पंधरवडा थांबा.”

आबांनी बरणी उजेडाला धरून बघितली. मग थांबू म्हणाले.

तू बायकांना घेऊन दर आठवड्याला घरोघरचे रांजण कोरडे करायला लावलेस. ताप हळूहळू उतरला. पिल्लांमुळं की रांजणांमुळं, हे मला आजही खात्रीनं सांगता येणार नाही. पण पाणी राहिलं, म्हशी राहिल्या. पुढं काठच्या काड्यांवर पिल्लांच्या रिकाम्या साली दिसायला लागल्या. त्यातून निघालेले चतुर पिवळट होते. मी हिरमुसले, तर तू म्हणालीस, “मिरचीवानी हाय ते. पिकल्यावर लाल व्हतंय.” आणि झाले.

पुढच्या निवडणुकीत बायकांनी तुलाच सोसायटीवर निवडून दिलं.

आता तुझ्या जागी सोसायटीवर मी आहे. उद्याच्या सभेत तळ्याचा काठ सिमेंटनं बांधायचा ठराव येतोय. मला म्हणायचंय, सांडव्याकडची बाजू गवताची राहू द्या. पिल्लांना वर चढायला काड्या लागतात. बऱ्याच जणी माझ्या बाजूनं आहेत. ऐकतील असं वाटतंय.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? तू गेलीस तिथला पत्ता नाही; इथंच वहीत राहील. पण खरं सांगते, माय, धास्ती वाटतेय. तरी बोलणार आहे.