पाण्याची चावी

१४ मार्च, सकाळ

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा वाकून नमस्कार. टपाल बंद आहे, म्हणून हे पत्र दूधगाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. वहिनींचे गुडघे कसे आहेत? इकडे आम्ही ठीक.

सरकार पडून चाळीस दिवस झाले. चौकीला कुलूप, पाणीखात्यात साहेब नाही. पाण्याच्या पंपावरचे दोघे मात्र घरी गेलेच नाहीत, पंप चालूच ठेवला. गल्ल्यांना पाणी सोडायची व्हॉल्व्हची चावी लोकांनी माझ्याकडे दिली.

सहा वर्षांपूर्वी तू म्हणाला होतास, "चौकीला कुलूप लागू दे, आठ दिवसांत माणसं एकमेकांच्या नरडीला धरतील." मी ताडकन बोललो, "तू हवालदार, तुला सगळे चोरच दिसणार." त्यानंतर तू आला नाहीस.

तर ऐक. कोणाचं घर फुटलं नाही. चौकात शिंपीणबाई उभी राहून गाड्यांना हात दाखवते. तुला कोणी घाबरलं नसेल इतके तिला घाबरतात.

लिहितो आहे, पण मुख्य गोष्ट टाळतो आहे. पहिलं वाकडं पाऊल माझंच पडलं. बरोबर आठव्या दिवशी. पाणी कमी आलं, विचारणारं कोणी नव्हतं. वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह मी अर्धाच फिरवला आणि आमच्या गल्लीला तासभर जास्त सोडलं. असे तीन दिवस. देवापुढे हात रोज जोडत होतो, तेव्हाही.

वरच्या गल्लीत एक बाळंतीण होती. तिची आई रिकामी बादली घेऊन दारात आली. मागे वीस-पंचवीस माणसं. वाटलं, आता मार बसणार. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, चावी द्या. तुम्ही दमलात."

दादा, त्यापेक्षा मार बरा होता.

तेव्हापासून चावी दर आठवड्याला घर बदलते. ती फिरवणाऱ्याशेजारी त्याच्या गल्लीबाहेरचं एक माणूस लक्ष ठेवायला उभं राहतं. काल ती परत माझ्याकडे आली. शिंपीणबाई म्हणाली, "शेजारी कोण, ते तुम्हीच सांगा."

"माझा भाऊ. हवालदार होता."

"सख्खा भाऊ? तो काय तुम्हाला पकडणार!"

"लहानपणी मी डब्यातला गूळ चोरला की आईला तोच सांगायचा."

"मग चालेल. दंडुका घरी ठेवून या म्हणावं."

तू निम्मा खरा होतास. नरडीला धरणारा तुझ्याच घरात निघाला. मी तुला जे बोललो, ते मात्र सगळंच चूक होतं.

सोमवारी पहाटे चौकात थांबतो. तू आलास की पहिला व्हॉल्व्ह वरच्या गल्लीचा उघडू. पूर्ण.

ज्याच्यावर तू लक्ष ठेवायचास, तो तुझा
धाकटा