आपोआप जाणारे व्हिडिओ

प्रिय धाकटे,

पत्र बघून आधी हसशील. जिला दुकानाचं पेज काढून दिलंस, फोटो कसे काढायचे, कधी टाकायचे हे शिकवून जिचं डोकं खाल्लंस, ती बाई पाकिटावर तिकीट चिकटवून पत्र पाठवते म्हणजे कमालच! पण फोनवर सांगायला गेले तर तू काळजीने विचारशील, मी सवयीने सगळं ठीक आहे म्हणून टाकीन, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. म्हणून लिहायला बसले. खोटं किती दिवस रेटायचं, दमले गं मी.

तर आधी मुद्द्याचं. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली आहेत. पेन धरता येतं, भाजी चिरता येते, पण सुई बोटांत आहे की खाली पडली, हे बघितल्याशिवाय कळत नाही. रफूचं काम डोळ्यांपेक्षा बोटांवर चालतं, हे तुला वेगळं सांगायला नको. बाबा आपल्या दोघींना डोळे मिटून कापडाचे धागे मोजायला लावायचे आणि तू दर वेळी लबाडी करून एक डोळा उघडायचीस. अडीच महिने झाले, मी एक भोक बुजवलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात मनगटात नस दाबली गेली आहे, ऑपरेशन करू, पण बोटं पूर्वीसारखी होतीलच असं काही त्या सांगत नाहीत. दुसरं कुठलं काम मला येतं का, तूच सांग.

आता तू म्हणशील, मग रोज सकाळी पेजवर रफू कोण करतंय? मीच करतेय, पण गेल्या वर्षीची मी. तूच नाही का शिकवलंस, एक दिवस बसून दहा-बारा व्हिडिओ करून ठेव, तारखा लावून टाक, मग ते आपोआप जातात? मी हौसेने ढीगभर करून ठेवले होते. बोटं गेली त्या आठवड्यात वाटलं, चार दिवसांत येतील ठिकाणावर, तोवर पेज रिकामं नको. खंड पडला की लोक विसरतात, हे तूच बजावलं होतंस. चाराचे चाळीस झाले, मग साठ. गंमत म्हणजे हात बंद पडल्यापासून माझी लोकप्रियता वाढली! अनोळखी माणसं लिहितात, ताई, काय हात आहे तुमचा. वाचून टेबलावर बघते, तर हात नुसते पडलेले. कपडे येतच राहिले. नाही म्हणणं जिवावर आलं, म्हणून विचारणाऱ्यांना तू लिहून ठेवलेलं ते आपोआप जाणारं उत्तर जाऊ दिलं: तुमचं कापड आमच्याकडे सुखरूप आहे, काम सुरू आहे, थोडा धीर धरा. इतकं गोड लिहिलंयस, तेच मेलं अंगाशी आलं.

गेल्या मंगळवारी एक निवृत्त शिक्षक दारात उभे राहिले. त्यांच्या बायकोचा राखाडी कोट माझ्याकडे होता, कोपराला कसरीने खाल्लेला. बाई गेल्या वर्षी वारल्या, आता तो लेक वापरणार होती. त्यांनी सात वेळा विचारलं होतं आणि सातही वेळा तेच उत्तर गेलं होतं, शब्दाचाही फरक नाही. मी हात मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेली. त्यांच्या फोनवर त्याच सकाळचा व्हिडिओ चालू होता, त्यात मी भराभर सुई चालवतेय आणि मागे खिडकीतल्या कुंडीला फुलं आलेली. इथली कुंडी पार वाळून गेलेली. त्यांनी फोनकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, बाई, तुमची तब्येत बरी आहे ना? मला रडूच कोसळलं, परक्या माणसापुढे, विचार कर! कोट नीट घडी करून ते घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी एकेका गिऱ्हाइकाला स्वतः फोन लावले, खरं सांगितलं, माफी मागितली. दोघींनी चांगलंच झापलं. बाकीचे म्हणाले, राहू द्या, बऱ्या व्हा.

व्हिडिओही तेव्हाच बंद करायला हवे होते. नाही केले. उलट फोन धुंडाळून उरलेसुरले आठ शोधले आणि त्यांनाही तारखा लावल्या. का, ते सांगते, पण हसायचं नाही. रोज सकाळी आठच्या सुमाराला व्हिडिओखाली तुझा लाल बदाम पडतो. ऑफिसला जाता जाता दाबत असशील, क्षणाचं काम. आपलं बोलणं दोन-दोन महिन्यांनी, तेही तुझ्या घाईत आणि माझ्या संकोचात, पण बदाम चुकत नाही. तो पडला की मी उठून चहा ठेवते. गिऱ्हाइकांसाठी नाही गं, मी तेवढ्यासाठी ते व्हिडिओ चालू ठेवले.

शेवटचा पुढच्या रविवारी जाईल. त्यानंतर फोनमध्ये काही उरलेलं नाही. सोमवारी रिकामं पेज बघून तू घाबरशील म्हणून आधी कळवते, असं लिहून पत्र संपवणार होते, पण तेही अर्धंच खरं. ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या चार तारखेला आहे. फॉर्मवर सोबत कोण, अशी एक ओळ असते. नर्सने ती दोनदा विचारली, दोन्ही वेळा मी शेजारीण म्हणून सांगितलं. शेजारणीला मी अजून विचारलेलंही नाही आणि विचारणारही नाही. मला तू हवी आहेस. सुट्टी काढ आणि ये.

तुझीच,
ताई