दसऱ्यापर्यंत केळ उगवली तर

११ मे १९९६

केळीचं बी! जन्मभर कारखान्यात टूलरूम सांभाळलेला माणूस, आणि रिटायर झाल्यावर आज घरी काय आणलं, तर केळीच्या बियांची पुडी. शोभेची केळ म्हणे. गुलाबी फळं लागतात, खायची नाहीत, नुसती बघायची. दिली शेषगिरींनी – यांच्याच कारखान्यातले, मागच्या गल्लीत राहतात. मी जळगावची. आमच्याकडे केळ मुनव्यापासून लावतात, मोठ्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या पिल्लापासून. बी पेरणारा शहाणा मी तरी पाहिला नव्हता. तो माझ्याच घरात निघाला.

१२ मे

पैज लागली. पुण्याचा विषय मीच काढला. तिथे लेकाच्या, राजसच्याच इमारतीत आपला फ्लॅट रिकामा पडलाय, त्याची वेदिका आता दुसरीत जाईल, आणि आजी-आजोबा इथे कानडी मुलखात, मल्लेश्वरममध्ये एकमेकांची तोंडं बघत बसलेत. हे म्हणाले, "दसऱ्यापर्यंत एक जरी कोंब आला तर इथेच राहायचं. नाही आला तर पुणे. मी तोंड उघडणार नाही." मी लगेच हो म्हटलं. हसू आवरेना. सामान बांधायला घ्यायला हरकत नाही.

१९ मे

बी मिऱ्याएवढं, काळं, दगडासारखं टणक. यांनी ते व्हर्नियरने मापलं! मग पॉलिश पेपरने एकेक घासलं आणि माझ्या चहाच्या थर्मासात भिजत घातलं. आता कुंडी फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर. ऊब लागते म्हणे. केळ आहे की बाळंतीण? दह्याचं पातेलं मी तिथे ठेवायची, ते ओट्यावर आलं. काल दही लागलंच नाही.

३० जून

काही नाही. माती.

१४ जुलै

"उगवलं, उगवलं" करत मला पोळ्या टाकताना ओढत नेलं. गवत! शेषगिरींनाही बोलावून आणलं होतं. त्यांनी चष्मा पुसून बघितलं आणि स्वल्प वेळ लागतो अक्का, म्हणाले. दोन म्हातारे, एक गवताची काडी. दोघांना कॉफी दिली आणि आत जाऊन पोटभर हसले.

२५ ऑगस्ट

राजसचा फोन. पडदे कुठल्या रंगाचे घेऊ विचारत होता. हिरवे सांगितले. वेदिकाने माझी खोली कुठली, तिची कुठली ते ठरवूनसुद्धा टाकलंय! हे समोरच पेपर धरून बसले होते, पान काही उलटत नव्हतं. मला काय त्याचं? हरले की हरले.

२ ऑक्टोबर

हे फाटकात शेषगिरींशी बोलत होते. तुळशीपाशी मला सगळं ऐकू येत होतं. "पुण्यात मी कोण? राजसचा बाप. इथे भाजीवालासुद्धा सर म्हणतो." वा! भाजीवाल्याने सर म्हणावं म्हणून मी नातीपासून लांब राहायचं! इतका राग आला की आमटीत मीठ दोनदा पडलं. यांनी ताक ओतून संपवली.

२० ऑक्टोबर

आयुधपूजा. गल्लीभर फाटकांना, गाड्यांना केळीची रोपं बांधलीत. आमच्या स्कूटरलाही दोन. कुंडीत अजून मातीच. उद्या दसरा. जिंकले मी!

२१ ऑक्टोबर

उगवलं म्हणे!

मराठी मंडळात सोनं देऊन परत आले तर कुंडीत वीतभर केळ. सकाळी माती, संध्याकाळी तीन पानं! आणि स्कूटरला एकच रोप. लहान दिसावं म्हणून पानांची टोकं कात्रीने छाटलेली. "बघ, आलं," म्हणाले. पण माझ्याकडे बघेनात. अगं बाई, काय म्हणावं या माणसाला! रेशनकार्डावर कधी एक नाव जास्त लावलं नाही, आणि खोटेपणा करायची वेळ आली तर तो हा असा.

हे आत गेल्यावर हलकेच ओढून पाहिलं. सगळंच हातात आलं. मूळच नाही! पूजेची रोपं बुडातून कापून आणतात, कंद शेतातच राहतो. इंजिनिअर म्हणे! चार दिवसांत मान टाकेल. परत मातीत खोचून ठेवलं. राजसला सांगून दोघांनी हसायला हवं होतं. फोन केलाच नाही.

२४ ऑक्टोबर

पिवळं पडायला लागलं. हे दोन्ही वेळा पाणी घालतात, काडीचा टेकू दिलाय, सुतळीने बांधलंय. शेषगिरींना दाखवायला मात्र नेलं नाही. आज मला विचारतात, "जगेल ना गं?" मला! जळगावच्या बाईला!

रडू आलं. स्वतःचाच संताप आला. असा माणूस पुण्याला नेऊन मी करू काय? हिरव्या पडद्याआड बसवून ठेवू?

२६ ऑक्टोबर

हे बँकेत गेले तेवढ्यात रिक्षाने यशवंतपूरच्या बाजारात जाऊन आले. कंदासकट मुनवा मिळाला, जवळजवळ तेवढ्याच उंचीचा. पानं तशीच छाटली, कुंडीत लावला, माती दाबली, सुतळी परत बांधली.

मग राजसला फोन केला. फ्लॅट भाड्याने दे म्हटलं. वेदिका फोन मागत होती. देऊ नकोस म्हटलं.