सळ्यांखालचे दोन इंच

प्रिय चिमे,

तुला चिमी म्हणायची सोय आता माझ्याशिवाय कुणाला उरलेली नाही. आपला मुकादमसुद्धा 'मॅडम' म्हणतो, आणि मी आसपास असलो की जरा मोठ्यानंच म्हणतो.

चार महिने तुझा फोन उचलला नाही, त्याचं मूळ त्या दवाखान्याच्या कुंपणभिंतीच्या पायात आहे. सळ्यांची जाळी मी सरळ मातीवर टाकली होती, चाळीस वर्षं टाकत आलो तशी. तू चरात उतरलीस, सळईखाली बोट घालून पाहिलंस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "बाबा, खाली दोन इंच काँक्रीट जायला हवं, नाहीतर सळ्या गंजतील. जाळी उचला." मी थापी टाकून तडक घरी आलो. तुझ्या आईला म्हटलं, पोरीला शिकवलं आणि ती डोक्यावर बसली. ती शांतपणे म्हणाली, डोक्यावर कुठे, ती तर पायात उतरली होती. तुझ्या आईपुढे माझं कधी चाललंय?

स्वयंपाकघरातली मधली भिंत आठवते ना, जिच्यावर तुझ्या उंचीच्या खुणा आहेत? तिला भेग गेली ती जमीन भुसभुशीत म्हणून, असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगितलं आणि पुढे कपाट लावून टाकलं. गेल्या महिन्यात कपाट सरकवलं तर भेगेत करंगळी गेली. कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली एक कागदाची घडी सापडली. तू दोन वर्षांपूर्वी याच भिंतीसाठी काढून दिलेला नकाशा, मीच तिथे खुपसलेला.

मग जमीन उकरली. भिंतीखाली पाया नव्हताच. फरशीखालच्या चार इंची कोब्यावर मी अख्खी विटांची भिंत चढवली होती, कारण तुझ्या आईला ऐनवेळी दोन खोल्या हव्या झाल्या आणि मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय. जमीन बिचारी निर्दोष. चूक माझी.

भिंत उतरवली आहे. तुझ्या खुणा आधी दाराच्या चौकटीवर उतरवून घेतल्या, काळजी नको. चर तुझ्या मापाचा, तळ धुमसानं चोपून घट्ट केलाय. जाळीखाली ठेवायचे सिमेंटचे दोन इंची ठोकळे मी स्वतः पाडले, चांगले आठवडाभर पाण्यात मुरवले. खडी, वाळू, सिमेंट दारात येऊन पडलंय. मुकादम रोज विचारतो, कधी ओतायचं? मी सांगितलं, इंजिनियरनं सळ्या तपासल्याशिवाय नाही. उभ्या जन्मात मी हे वाक्य बोललो नव्हतो. तो मुद्दाम म्हणाला, कोण इंजिनियर?

"माझी मुलगी," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच.

तेवढ्यासाठी हे पत्र. रविवारी ये, चरात उतर आणि बोट घालून बघ.

तुझाच, चराच्या काठावर खोळंबलेला,
बाबा