तुम्ही नाकारलेली मातीची खोली

प्रिय अण्णा,

आज दुपारी जमीन हलली. आई तेव्हा मातीच्या खोलीत होती, मी बांधलेल्या. तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरेना, म्हणून लिहितेय.

आठवतं? लातूरला आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला असताना मी नकाशा घेऊन निलंग्याला आले होते. कमी सिमेंट, आपल्याच शेतातली माती, उन्हाळ्यात कूलरविना गार राहील असं घर. तुम्ही तीस वर्षं गवंडीकाम केलेलं, वाटलं, खूश व्हाल. तुम्ही कागद पालथा ठेवलात.

"भूकंपात मातीखालून माझ्या बहिनीला काढलंय म्या. मला माती शिकवू नको."

तेव्हा पडल्या त्या जाड दगडमातीच्या, कशानेच न बांधलेल्या भिंती, असं मी म्हणाले. ते खरंच होतं. पण पुढे मीच म्हणाले, तुमचं ज्ञान जुनं झालंय. का बोलले मी तसं? दोन आठवड्यांत तुमचं हृदय थांबलं. तुम्ही तरी एक फोन करायचा होता, अण्णा!

तुमच्यामागे आईला स्लॅबखालची उष्णता सोसेना. मग मी परसात एक खोली उभी केली. माती-सिमेंटच्या दाबून केलेल्या विटा, जोत्यावर, दाराच्या वर आणि छताखाली भिंतींना बांधून ठेवणारे सळईचे काँक्रीट पट्टे, वर हलकं छप्पर. कॉलेजच्या सरांकडून काम तपासून घेतलं. तरी आई वर्षभर आत गेली नाही. या महिन्यात कुठे दुपारची तिथे आडवी होऊ लागली होती.

मी अंगणात कपडे वाळत घालत होते. शेजारचे पत्रे वाजले, पायाखालची जमीन सरकली. आई आत, आणि मला साधी हाक मारता येईना. पळालेसुद्धा नाही. शिकलेलं सगळं गेलं, डोळ्यांपुढे फक्त मातीखालची, मी कधी न पाहिलेली आत्या.

आई आपणच बाहेर आली. "लई हाललं. पडलं न्हाई," म्हणाली आणि ओट्यावर बसली.

खिडकीच्या कोपऱ्याला केसाएवढी चीर होती. आई पुन्हा आत जायला निघाली, तेव्हा मी दाराला कुलूप घातलं. मी फोन केल्यावर संध्याकाळी सर आले, त्यांनी गिलावा खरवडला. चीर गिलाव्यापुरतीच होती, विटा धड होत्या. ते हसले. मला हसू येईना.

अण्णा, तुमच्या भीतीला मी अडाणीपणा समजले. आज ती माझ्या पोटात शिरली.

आता कुणाचंही घर आखण्याआधी मी त्या माणसांची भीती ऐकून घेईन. आणि उद्या दुपारी कुलूप काढून त्या खोलीत आईशेजारी मी स्वतः आडवी होईन.

तुमची,
सुमी